गेम लावला की पीसी बंद: जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर काय काय तपासायचं

ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर, आणि त्यात नवं किंवा सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड. एरवी सगळं गुण्यागोविंदानं चालतं. यूट्यूब चालतं, कॉलेजचा रिपोर्ट टाइप होतो. गेम लावला की दहाव्या मिनिटाला खेळ खलास. सांगलीत माझ्या घरच्या टेबलावर असे इतके कॅबिनेट येऊन गेलेत, की आता स्क्रू खोलायच्या आधी मी एकच विचारतो: "बंद पडतो म्हणजे नक्की कसा पडतो?"

कारण 'बंद पडतो' या दोन शब्दांत निदान चार वेगळी दुखणी लपलेली असतात.

१. लाइट गेल्यासारखा एका क्षणात सगळा पीसी विझतो, किंवा विझून आपोआप परत सुरू होतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. इथे संशय विजेवर: यूपीएस, एक्स्टेन्शन बोर्ड, एसएमपीएस (कॅबिनेटमधला सगळ्यांना वीज पुरवणारा डबा).

२. स्क्रीन काळी होते, पण पंखे फिरत राहतात. कधी कार्डाचे पंखे विमान उडाल्यासारखे ओरडतात, कधी गेमचा आवाज मागे चालूच असतो. इथे संशय ड्रायव्हरवर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), कार्डाला मिळणाऱ्या विजेवर किंवा कार्डाच्या तापमानावर.

३. बंद काहीच पडत नाही, पण पहिली दहा मिनिटं मस्त आणि मग फ्रेम, म्हणजे पडद्यावर भराभर बदलणारी चित्रं, अडखळायला लागतात. उष्णता.

४. पहिल्या सेकंदापासूनच अडखळतो. रॅम, हार्डडिस्क, प्रोसेसर, किंवा एक अगदी हास्यास्पद कारण, जे खाली येईलच.

मुलं येतात ती निकाल लावूनच येतात: "दादा, कार्डच डिफेक्टिव्ह आहे, परत करू का?" थांब बाबा. कार्ड खराब निघतं, नाही असं नाही, पण ते यादीत सगळ्यात शेवटी. कार्ड नवं आलं, पण त्याला वीज देणारं आणि गार ठेवणारं सगळं दहा वर्षांपूर्वीचंच राहिलं, हे खरं दुखणं.

आधी भिंतीकडे बघा

विश्रामबागेतल्या एका पोरानं दोन आठवडे डोकं फोडलं होतं. विंडोज दोनदा टाकून झालं, गेम परत डाउनलोड करून झाला, म्हणजे महिन्याच्या नेटची वाट लागली. मी घरी गेलो, त्यानं हेडफोन चढवून गेम लावला आणि सहा-सात मिनिटांत पीसी विझला. मी काही बोलायच्या आत मागच्या खोलीतून आजी म्हणाल्या, "ते खालचं डबडं मगापासून टीं टीं करतंय बघ. रोजच करतंय."

डबडं म्हणजे यूपीएस. हेडफोनमुळे पोराला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

हिशेब करून बघा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. आकडा ६०० असला तरी तो वॅटमध्ये साधारण ३६०. पोराचं कार्ड आरएक्स ५८०, म्हणजे १८५ वॅट. आय५-४५७० प्रोसेसर ८४ वॅट. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ४० धरू. झाले ३०९. पण एसएमपीएस स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो. तो ८० टक्के कार्यक्षम धरला तर भिंतीतून ओढले जातात ३८६ वॅट. मॉनिटरही त्याच यूपीएसवर, त्याचे २५. एकूण चारशेच्या वर. गेममध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही सतत पूर्ण ताणले जात नाहीत, म्हणून पहिली काही मिनिटं निभतं. एखादा मोठा सीन आला की यूपीएस ओरडतो आणि मग हात वर करतो.

तपासणी फुकट आहे. यूपीएस बाजूला काढा, पीसी थेट भिंतीच्या तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा आणि तासभर खेळा. बंद पडला नाही, तर चोर सापडला. मग मोठा यूपीएस घ्या, १००० व्हीएचे बहुतेक ६०० वॅटचे असतात. खर्च करायचा नसेल तर निदान मॉनिटर तरी यूपीएसवरून काढा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटणही बघा. बऱ्याच इन्व्हर्टरांना दोन मोड असतात, एक साध्या उपकरणांसाठी आणि एक यूपीएस म्हणून लिहिलेला. साध्या मोडवर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर झोपतो. पंख्याला ते कळतसुद्धा नाही.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच. अर्धा तास खेळून झाल्यावर पीसी बंद करा आणि प्लगला हात लावा. प्लग गरम लागला तर आतली पट्टी सैल झालीय. बोर्ड फेका, चिकटपट्टी लावत बसू नका.

एक पैसा न घालवता होणाऱ्या चार गोष्टी

पहिली, ते हास्यास्पद कारण. मॉनिटरची केबल कुठे लावलीय? कार्ड बसवलं, पण केबल जुन्या सवयीनं वर मदरबोर्डच्याच सॉकेटमध्ये, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. मग गेम बिचारा प्रोसेसरमधल्या लंगड्या ग्राफिक्सवर धावतो आणि हजारोंचं कार्ड आत बसून मजा बघतं. केबल खाली, आडव्या पट्टीतल्या कार्डाच्या सॉकेटमध्ये हवी.

दुसरी, इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की उघडतो. विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिमवर जा आणि पीसी गेला ती वेळ शोधा. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसलं की लोक घाबरून फोन करतात. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोजला नीट बंद व्हायची संधी मिळाली नाही. ती पंचनाम्याची नोंद आहे, गुन्हेगाराचं नाव नाही. पण त्याच्या आधी ४१०१, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं अशी नोंद असेल, तर ड्रायव्हरकडे आणि कार्डाकडे वळा. ४१ एकटाच उभा असेल तर वीज.

तिसरी, ड्रायव्हर. आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहतात. डीडीयू नावाचं फुकट सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये चालवून सगळं पुसा आणि कार्डाची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच नवा ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर अपडेट करून देतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं लांब ठेवा.

चौथी माझी सगळ्यात लाडकी. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाची सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात पॉवर लिमिटची पट्टी ओढून ६५-७० टक्क्यांवर आणा आणि गेमची फ्रेम मर्यादा ६० ठेवा. मग खेळा. आता पीसी विझत नसेल, तर कार्डाला पोटभर वीज मिळत नाही किंवा ते तापतंय, दोन्हींपैकी एक. फ्रेममध्ये तुम्हाला फार फरक जाणवणारही नाही. काही जणांना मी सांगितलं, असंच चालू दे, दिवाळीत एसएमपीएस घे. चिनी कार्डांच्या काही मॉडेलमध्ये ही पट्टी हलत नाही. तेव्हा फ्रेम मर्यादेवरच भागवा.

एक मात्र करू नका. इंटरनेटवर वाचून कार्ड फुल ताणणारं टेस्ट सॉफ्टवेअर स्वस्त एसएमपीएसवर अर्धा तास चालवू नका. 'टिकतोय का बघू' म्हणून बघताना तो जातो, आणि जाताना कधी बोर्डही सोबत नेतो.

धूळ

तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर पुरतं. गेम चालू ठेवून वीस मिनिटांनी आकडे बघा. कार्ड ८०-८५ अंशांपर्यंत जात असेल तर उन्हाळ्यात ते चालण्यासारखं आहे. प्रोसेसर मात्र नव्वदीच्या पुढे जाऊन शंभराला टेकत असेल, तर तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तेच ते 'दहा मिनिटं मस्त, मग अडखळतो'. साधी परीक्षा: कॅबिनेटचा डावा पत्रा काढा, टेबलफॅन समोर लावा आणि खेळा. दुखणं गेलं तर उपचार ठरला.

सफाई करताना पीसी बंद, मागचा प्लग काढलेला, आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. धूळ ब्लोअरनं उडवा, कोपऱ्यात रंगाचा मऊ ब्रश वापरा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं भन्नाट फिरलं तर बेअरिंगचं वाटोळं होतं.

कॅबिनेट देवघराच्या शेजारी असेल तर नुसत्या ब्लोअरनं भागत नाही. समई आणि उदबत्तीचा तेलकट धूर पंख्याच्या पात्यावर बसतो, त्यावर धूळ, त्यावर परत धूर. बोट फिरवलं तर काजळासारखा चिकट थर हाताला लागतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानंच निघतो. मिरजेच्या एका घरात हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांमधून हवाच जात नव्हती, इतका तो थर बसला होता. काकूंना 'देवघर हलवा' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पीसी हलवला.

मग थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा मधला लेप. दहा वर्षांची पेस्ट खडूसारखी वाळलेली असते. जुनी पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी मधोमध लावायची, बास. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही. इंटेलच्या साध्या कूलरला चार प्लॅस्टिकचे खटके असतात. चारपैकी एक अर्धवट बसलेला असणं हे इतकं नेहमीचं आहे, की मी आधी बोर्डाच्या मागून चारही काळी टोकं बाहेर आलीत का ते बघतो.

रॅम: पाच मिनिटांचं काम

काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरनं हलकेच घासा, कण झटका, परत 'खट्' आवाज येईपर्यंत बसवा. निळी स्क्रीन वारंवार येत असेल तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बाद.

८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घाला. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी देते, दोन पट्ट्या योग्य जोडीच्या स्लॉटमध्ये मिळून २५.६. चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरला याचा फायदा अडखळणं कमी होण्यात दिसतो.

पीसी उघडलाच आहे तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदला. घड्याळ मागे पडत असेल, दर वेळी बायोसची (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरची) सेटिंग विसरत असेल, तर तोच.

एसएमपीएस: इथे सगळं अडतं

कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेला एसएमपीएस, त्यावर मोठ्या अक्षरात ४५०. तो आकडा विसरा. बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरात १२ व्होल्टचा रकाना असतो, तो वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज तिथूनच घेतात. मागच्या महिन्यात आलेल्या एकावर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिलं होतं. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. विश्रामबागेच्या पोराचं कार्ड अधिक प्रोसेसर २६९ मागत होतं. म्हणजे कागदावरच नापास. त्यात जुन्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले, म्हणून लिहिलंय तेवढंही मिळेलच असं नाही.

कार्डाची भूक ओळखायची खूण सोपी आहे. मदरबोर्डचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. कार्डावर ६ पिनांचं सॉकेट असेल तर अजून ७५, आणि ८ पिनांचं असेल तर १५०. एसएमपीएसमधून ही वायर मुळात येतच नसेल, तर कंपनी तुम्हाला सांगतेय की हा एसएमपीएस त्या कामासाठी नाही. दुकानदार मग एक जोडणी देतो: सॅटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीतून ६ पिन. ती घेऊ नका. सॅटाच्या प्लगमधून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५४ वॅटच घ्यायचे असतात, आणि तुम्ही त्यातून ७५ मागताय. वितळलेला, तपकिरी पडलेला सॅटा प्लग मी एका डब्यात जपून ठेवलाय, पोरांना दाखवायला.

ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपची गोष्ट अजून वेगळी. त्यांच्यातल्या बऱ्याच मॉडेलांचा मदरबोर्डचा प्लग नेहमीच्या २४ पिनांचा नसतोच, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. अशा यंत्रात माझा सल्ला एकच: वेगळी वायर न मागणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्ड घ्या. जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५० ची साधी आवृत्ती, किंवा बजेट असेल तर आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती, जी ७० वॅटमध्ये भागवते. १६५० घेताना वर ६ पिनांचं सॉकेट नाही ना, ते डोळ्यांनी बघा, काही कंपन्या ते देतात. कॅबिनेट पातळ असेल तर कार्डही बुटकं लागेल. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी स्वस्त दिसतात, पण ती कार्डं स्लॉटच्या चारच लेन (माहिती ने-आण करण्याच्या वाटा) वापरतात. जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या बोर्डावर त्यांना त्याचा फटका बसतो, २.० वर तर फारच.

साधा एटीएक्स कॅबिनेट असेल तर खात्रीच्या कंपनीचा ४५० किंवा ५५० वॅटचा, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याची खूण) छाप असलेला एसएमपीएस घ्या. पण विकत घ्यायच्या आधी मित्राचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता लावून बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन पैसे मोजण्याआधी हे निदान पक्कं झालेलं बरं.

वीज ठीक, तापमान ठीक, तरी अडखळतोच

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स. गेम चालू ठेवून बघा.

डिस्क १०० टक्के? जुनी हार्डडिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साधी सॅटा एसएसडी पाचशेच्या आसपास. नवा रस्ता, नवी खोली आली की अडखळतो, याचं कारण बहुधा हेच.

प्रोसेसर १०० आणि कार्ड ५०-६०? मग कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. इथे अजून महागडं कार्ड घेणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन. आय५-४५७० ला चार कोअर, चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. त्याच सॉकेटमध्ये आय७-४७७० बसतो, चार कोअर आणि आठ थ्रेड. सेकंडहँड स्वस्त मिळाला तर घ्या, एरवी सोडा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर त्यात एव्हीएक्स२ (काही नव्या गेमना लागणारी प्रोसेसरमधली सोय) नाही. ते मागणारे गेम सुरूच होत नाहीत, तिथे दुरुस्ती शोधत बसू नका.

कार्ड ९५ च्या वर? मग सगळं ठीक आहे, कार्डाची कुवत संपली. टेक्श्चर एक पायरी खाली आणा, ४ जीबीच्या कार्डाला ती आधी जड होतात. गेममध्ये एफएसआर (लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) असेल तर चालू करा.

पैशांबद्दल माझं मत कडक आहे. एसएमपीएस, एसएसडी आणि कार्ड पुढच्या पीसीतही जातात, तिथे खर्च करा. डीडीआर३ रॅम आणि जुना प्रोसेसर तिथेच राहतात, तिथे हात आखडता घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. व्हॅलोरंटसारखे गेम तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डाच्या सुरक्षा-सोयींशिवाय दारातच अडवतात. चौथ्या पिढीच्या यंत्रात नव्या बोर्डाएवढे पैसे ओतायला मी कुणाला सांगणार नाही.

इथे हात थांबवा

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर कॉम्प्युटरवाला नाही, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थिंग नाही किंवा तुटलंय. तोवर पीसी लावूच नका.

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास वीज साठते आणि ती लगेच उतरेल याची खात्री नाही. धूळ बाहेरून उडवा, पुढचं काम नको.

जळका वास, बोर्डावर डोकं फुगलेले कपॅसिटर, वितळलेला प्लग, सॉकेटमधली वाकलेली पिन: यातलं काही दिसलं की 'एकदा लावून बघतो' हा मोह आवरा. आणि चांगला एसएमपीएस लावून, पेस्ट बदलून, दुसऱ्याचं कार्ड घालूनही पीसी विझत असेल, तर बोर्डाचा वीजपुरवठा गेलाय. ते काम मायक्रोस्कोप आणि हॉट एअर असणाऱ्याचं. बायोस अपडेटही, घरी वीज जात असेल तर, दुकानातच करून घ्या.

दुकानात टाकायच्या आधी चिठ्ठीवर लिहून न्या: वरच्या चारांपैकी कुठलं लक्षण, किती मिनिटांनी, कुठल्या गेममध्ये, काय काय बदलून पाहिलं. कार्ड आणि रॅमच्या स्टिकरवरचे सिरियल नंबर दिसतील असे फोटो त्यांच्यासमोरच काढा. आणि पार्ट बदलला म्हणाले, तर जुना परत मागून घ्या.